भाऊसाहेबांचा ध्वनिकिरण

एका ओळीच्या अर्जाने जे काम झालं असतं ते चार पानी अर्ज करून पाच महिने अडवून दाखवणारा माणूस आमच्या गावात एकच, आणि तो म्हणजे हरिश्चंद्र मयेकर. तसे अडवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण ते दुसऱ्याचं काम अडवतात. स्वतःचंच काम, तेही पोटच्या मुलीचं, आणि तेही संपूर्ण शुद्ध मराठीत अडवण्याचा मान मयेकरांचा. त्यात वाटेकरी कुणी नाही.

मयेकरांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली, त्यातून हे नाव चिकटलं. खुर्ची गेली, टेबल गेलं, पंखाही डोक्यावरून गेला, पण नाव राहिलं. गृहस्थ घरात चार माणसांसारखं मालवणी बोलतो. बायकोकडे चहा मागायचा तर "गो, चाय हाड वायच," म्हणतो. पण समोर कोरा कागद आला की त्याच्या अंगात येतं. मग 'हा' चा 'सदर' होतो, 'म्हणून' चा 'सबब' होतो आणि साध्या गोष्टीचं तोंडसुद्धा ओळखू येत नाही. चौतीस वर्षांत माझ्या मसुद्यात कुणाला चूक सापडली नाही, असं भाऊसाहेब छातीवर हात ठेवून सांगतात. मुळात तो शेवटपर्यंत वाचायचा धीर कुणाला झाला नसावा, असं आमचं मत आहे.

त्यांची मुलगी तेजस्वी. वय तेवीस. तिला बोलता येत नाही. समजतं बरंच, पण तिच्या वेळाने समजतं, आणि तिची वेळ येईपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते. भाऊसाहेबांना तर मुळीच नाही. पोरीवर त्यांचा जीव, त्यात खोट काढायची आमची हिंमत नाही. पण जीव म्हणजे किती? तिने नुसती मान वळवली की "तिका तहान लागली" म्हणून तांब्या पुढे. तिने हात उचलला की "तिका वारो होयो" म्हणून पंखा चालू. डॉक्टरने तिला नाव विचारलं तरी उत्तर हे देणार. तेवीस वर्षांत त्या मुलीला स्वतःहून काही मागायची वेळच या बापाने येऊ दिली नाही.

गावच्या समाजमंदिरात तेजस्वीसारख्या अकरा जणांसाठी एक केंद्र चालतं. सकाळी दहा ते दोन. समीक्षा नावाची मुलगी ते चालवते. अकरांतला एक बेचाळीस वर्षांचा आहे आणि दोघांचे केस पांढरे झालेत, तरी केंद्राचे अध्यक्ष धोंडूशेठ प्रत्येक भाषणात त्यांना "ही बिचारी चिमुकली मुलं" म्हणतात. धोंडूशेठचं तारकर्लीला पर्यटकांसाठी घर आहे, पाच खोल्यांचं. त्यांना केंद्रात रस आहे तो फोटोपुरता.

तर झालं असं, की भाऊसाहेबांचा भाचा सर्वेश मुंबईला कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीत आहे. दिवाळीला येताना त्याने केंद्रासाठी एक यंत्र आणलं. काळी पेटी, आणि तिच्याबरोबर एका काठीवर बसवलेलं बॅटरीएवढं नळकांडं. त्या नळकांड्यातून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज निघतो, वटवाघळाच्या तोंडून निघतो तसा. त्याच्यासमोर हात धरला की पेटीतून सूर येतो. हात जवळ नेला तर एक सूर, लांब नेला तर दुसरा. हात चालत नसेल त्याने मान हलवावी, पाय हलवावा. बोट अमुकच पट्टीवर पडलं पाहिजे असली भानगड नाही. ज्याला जगात काहीच वाजवता येत नाही त्याने वाजवायचं वाद्य. शिवाय पेटीत आपल्याला हवा तो आवाज भरून ठेवता येतो.

पहिले चार दिवस तेजस्वीने त्या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. पेटीत व्हायोलिन होतं, घंटा होत्या, कुठल्याशा समुद्रातल्या देवमाशाचा हुंकार होता. आमच्या मालवणच्या समुद्रात कुणी देवमाशाला हुंकारताना ऐकलेलं नाही, तर त्या पोरीला त्याचं काय? भाऊसाहेब रोज हजर. तिचा हात मनगटाला धरून नळकांड्यासमोर घालायचे, हुंकार काढायचे आणि "बघा, वाजयल्यान!" म्हणून आपणच टाळ्या पिटायचे.

पाचव्या दिवशी समीक्षाने दोन कामं केली. घरच्या कुकरची शिट्टी फोनवर घेऊन ती पेटीत भरली, कारण कुकर वाजला की तेजस्वी असेल तिथून उठून स्वयंपाकघरात जाते, हे तिने भाऊसाहेबांच्या बायकोकडून, इंदूवहिनींकडून, काढून घेतलं होतं. आणि दुसरं, भाऊसाहेबांना चहाला बाहेर पाठवलं.

"पण मी नसलंय तर तिका कोण शिकयतलां?"

"कोणीच नाही, काका. आपण नुसती वाट बघूया."

वाट बघणे ही क्रिया भाऊसाहेबांनी चौतीस वर्षं लोकांना करायला लावली होती, स्वतः कधी केली नव्हती. ते बाहेर गेले आणि खिडकीशी उभे राहिले. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग तेजस्वीचा डावा हात सहज उठला आणि पेटीतून कुकरची शिट्टी झाली. पोरगी दचकली. तिने हाताकडे पाहिलं. पुन्हा उचलला. पुन्हा शिट्टी. मग ती समीक्षाकडे बघत राहिली, आता तुझी पाळी अशा नजरेने. समीक्षाने हात उचलला, शिट्टी झाली, आणि तेजस्वी मोठ्याने हसली. भाऊसाहेबांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला आणि ते खिडकीशी लहान मुलासारखे रडले. हे आम्ही पाहिलंय, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. पुढे त्यांच्याविषयी जे सांगायचंय ते इतकं चांगलं नाही.

यंत्र कायमचं ठेवायचं ठरलं. समाजमंदिराची इमारत ग्रामपंचायतीची, तेव्हा पंचायतीला कळवणं भाग. समीक्षाने वहीचं पान फाडून लिहिलं, 'आम्ही केंद्रात एक वाद्य आणले आहे, माहितीसाठी कळवत आहोत.' ते पान भाऊसाहेबांनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"वाद्य? अगो, वाद्य म्हणजे टाळ. टाळासाठी कोण अर्ज करता? ह्येका काय वजन आसा? थांब, मी लिवतंय."

आणि लिहिला. चार पानं. विषय: 'परस्परसंवादी अदृश्य ध्वनिकिरण प्रक्षेपण संच सार्वजनिक इमारतीत कायमस्वरूपी प्रस्थापित करणेस ना-हरकत मिळणेबाबत.' आत खुलासा, की सदर संच मानवी देहाच्या दिशेने अदृश्य किरण सोडतो व सदर किरण देहावर आदळून परत फिरतात, ज्यायोगे लाभार्थ्यांच्या मज्जासंस्थेवर इष्ट परिणाम घडून येतो. समीक्षा म्हणाली, "काका, किरण नाहीयेत हो, आवाज आहे." भाऊसाहेब म्हणाले, "आवाज नको लिवक. आवाज म्हटलां की ते लौडस्पीकर समजतले." पुढची दूरदृष्टी किती असावी माणसाला!

ग्रामपंचायतीत दीपेश नावाचा ग्रामसेवक आहे. तरुण, परीक्षा देऊन आलेला, आणि भित्रा. त्याने 'किरण' वाचलं, 'मानवी देह' वाचलं, 'मज्जासंस्था' वाचलं आणि पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'संदर्भांकित अर्जान्वये आपण किरणोत्सर्जन करणारे संयंत्र सार्वजनिक इमारतीत बसविण्याचे योजिले असल्याचे दिसून येते. सबब, सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी सादर होईपर्यंत सदर संयंत्र कुलूपबंद ठेवण्यात यावे.' पत्राबरोबर शिपाई आला, पेटी आणि नळकांडं केंद्राच्या लोखंडी कपाटात घातलं, कपाटाला कागदाची पट्टी चिकटवली आणि किल्ली घेऊन गेला.

भाऊसाहेबांनी पत्र तीनदा वाचलं. आम्हांला वाटलं, आता भडकणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज. "पोराचो हात चांगलो आसा हां," ते म्हणाले. "'सबब' बघ कसो बरोबर जाग्यार घातल्यान!"

किरणांची बातमी गावात पसरायला अर्धा दिवस पुरला. गावाचे सरळ दोन तट पडले. एका तटाला किरण नको होते. त्याच्या पुढारी शेजारच्या काशीबाई, वय बहात्तर, आवाज पंचवीस. त्यांच्या माडाचे कोवळे नारळ गळत होते, कोंबडी अंड्यावर बसत नव्हती आणि सून उलट बोलत होती, तिन्ही किरणांमुळे. यंत्र गेले पंधरा दिवस कपाटात बंद आहे असं समीक्षाने सांगितलं, तर म्हणाल्या, "मगे? बंद आसा म्हणानच साचान ऱ्हवले आसतले!"

दुसऱ्या तटाला किरण हवेच होते. ही मंडळी भाऊसाहेबांच्या ओसरीवर सकाळपासून येऊन बसत. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाच्या कमरेतली जुनी उसण. "भाऊसाहेब, कुडाळाक फोटो काढूक जावक नको आता. वायच माझो गुडघो दाखवन घेतंय." एक्सरे नाही हो, म्हणून सांगितलं की त्यांना राग यायचा. स्वतःच्या पोरीपुरतं ठेवतो, गावाला देत नाही, असं बोलणं सुरू झालं. इंदूवहिनी दोन्ही तटांना चहा देऊन दमल्या.

सल्ले तर विचारू नका. एकाने यंत्राखाली मिठाची पुरचुंडी ठेवायला सांगितली. एकाने जस्ताचा पत्रा सुचवला, त्याचं कारण त्याच्याकडे चार पत्रे पडून होते. शेवटी देवळात कौल लावायचं ठरलं. देवाला फुलं लावली, किरण बाधतील का म्हणून विचारलं आणि उजवं फूल खाली आलं. देवाची परवानगी मिळाली. भाऊसाहेबांनी तेही अर्जात घातलं. दीपेशने उलट कळवलं की सदर परवानगीवर जावक क्रमांक दिसून येत नाही.

मग सक्षम प्राधिकारी शोधणं सुरू झालं. मालवणला आरोग्य कचेरीत गेले, तिथे म्हणाले ओरोसला जा. ओरोसला गेले, तिथला कारकून म्हणाला, किरण असतील तर खोलीच्या भिंतींना शिशाचा पत्रा मारल्याचा दाखला आणा. शिवाय एक छापील नमुना दिला, त्यात 'दररोज तपासावयाच्या रुग्णांची संख्या' आणि 'गर्भवती स्त्रियांसाठी सूचनाफलक लावला आहे काय' असे रकाने होते. भाऊसाहेब बाकावर बसून भरत होते. चौतीस वर्षं ते टेबलाच्या त्या बाजूला होते. बाक इतका अरुंद असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. नमुना भरून दिला, तर त्या पोरगेल्या कारकुनाने वर न बघता सांगितलं, "काका, निळी शाई चालत नाही." काका! भाऊसाहेब नाही, काका! परतीच्या वाटेवर कसालला एसटी बदलताना त्यांनी काळ्या शाईचं पेन विकत घेतलं.

असे चार महिने गेले. एक साधं वाद्य कपाटात आणि त्याच्या नावाने फाईल इतकी फुगली की तिला दोरीचे दोन वेढे लागायला लागले. भाऊसाहेब प्रत्येक त्रुटीला उत्तर देत, प्रत्येक उत्तरात नवीन शब्द घालत आणि प्रत्येक शब्दातून नवीन त्रुटी निघे. 'तरंग' लिहिलं तर जलसंपदेचा अभिप्राय मागितला. समीक्षा दर आठवड्याला सांगायची, "काका, नुसतं वाद्य लिहू या ना." भाऊसाहेब दर आठवड्याला म्हणायचे, "आता माघार? लोक काय म्हणतले?" लोक काय म्हणत होते ते त्यांना कुणी सांगितलं नाही हे बरं.

अखेर शिमग्याच्या आधी ओरोसहून एक साहेब तपासणीला यायचं ठरलं. एका दिवसासाठी कपाट उघडायचं, यंत्र चालवून दाखवायचं, साहेब आपल्या हत्याराने किरण मोजणार आणि तिथल्या तिथे निकाल. साधी तपासणी ती. पण धोंडूशेठला कळली. त्यांनी मंडप घातला. तारकर्लीहून प्लास्टिकच्या शंभर खुर्च्या आणल्या, फलक लावला, त्यावर साहेबांच्या नावापेक्षा मोठा स्वतःचा फोटो. आणि यंत्राचं नळकांडं माइकच्या अगदी शेजारी उभं करून त्याला झेंडूची माळ घातली. पेटीचे दिवे फोटोत चांगले दिसतात म्हणून ती चालूसुद्धा करून ठेवली. समीक्षा मागून ओरडून सांगत होती, पण सनई लावली होती.

साहेब आले, नारळ फुटला, हार झाले. साहेब बोलायला उभे राहिले. "उपस्थित बंधूभगिनींनो, शासन आपल्या पाठीशी..." म्हणत त्यांनी उजवा हात उंच केला आणि मंडपात कुकरची शिट्टी झाली.

साहेब थांबले. मागे बघून पुन्हा सुरू झाले. "शासन आपल्या पाठीशी खंबीरपणे..." हात वर. शिट्टी. "उभे..." शिट्टी.

"तीन झाल्यो!" काशीबाई पुढच्या रांगेतून कडाडल्या. "गॅस बंद करा गो कोण तरी, भाताचो लगदो होतलो!"

दोन बायका मंडपामागे धावल्या. तिथे बटाटेवडे तळत होते, कुकर नव्हताच. साहेबांना भाषणात हातवारे करायची सवय, आणि हात खिशात ठेवून शासन पाठीशी उभं करता येत नाही. चौथी झाली, पाचवी झाली. धोंडूशेठ फोटोसाठी हसत होते ते तसेच हसत राहिले, कारण नेमकं काय करायचं ते त्यांना कधीच कळत नाही.

एवढ्या मंडपात या शिट्टीला उत्तर द्यायचं असतं हे एकाच व्यक्तीला कळलं. तेजस्वी हसत उठली. सावकाश चालत पुढे आली, साहेबांसमोर उभी राहिली, आणि तिने डावा हात नळकांड्यासमोर धरला. शिट्टी झाली. मग तिने हात खाली घेतला आणि साहेबांकडे बघत राहिली.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, धोंडूशेठकडे पाहिलं. कागदात काही नव्हतं आणि धोंडूशेठमध्येही काही नव्हतं. पोरगी वाट बघत उभी. शेवटी साहेबांनी घाबरत हात जरासा हलवला. छोटी शिट्टी झाली. तेजस्वी खळखळून हसली आणि तिने उत्तर दिलं. साहेबांनी परत दिलं. साहेबसुद्धा हसले. चार महिन्यांत या प्रकरणात पहिल्यांदाच कुणी कुणाशी बोललं होतं, आणि समीक्षा मागे उभी राहून दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. आणखी दोन मिनिटं तसंच चालू दिलं असतं तर साहेबांनी तिथेच सही केली असती, हे आम्ही शपथेवर सांगू.

पण भाऊसाहेबांना राहवतंय कसलं! ते रांगेतून धडपडत पुढे आले. "साहेब, सदर कन्या ही सदर संचाची प्रमुख लाभार्थी असून," म्हणत त्यांनी तेजस्वीचं मनगट धरलं आणि तिचा हात नळकांड्यासमोर वरखाली करायला लागले. शिट्टी, शिट्टी, शिट्टी. "पाहावे साहेब! पाहावे!" तेजस्वीचं हसणं थांबलं. तिने हिसका देऊन हात सोडवला, जाऊन आपल्या खुर्चीवर बसली आणि तोंड भिंतीकडे केलं. मग समीक्षाने बोलावलं, इंदूवहिनींनी बोलावलं, तिने मान वळवली नाही.

साहेब पुन्हा साहेब झाले. हत्यार काढून यंत्राभोवती फिरवलं. काटा हलला नाही. "किरण शून्य," ते म्हणाले. मंडपात टाळ्या पडल्या. साहेबांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या, शिट्टी झाली. "परंतु," साहेब चिडून म्हणाले, "अर्जात तर किरण आहेत. किरण असते, तर परवानगी लागली असती. किरण नाहीत, म्हणजे अर्जदाराने शासनाला खोटी माहिती दिली. दोन्ही परिस्थितीत यंत्र बंदच ठेवावे लागेल." यंत्र परत कपाटात गेलं आणि नवीन पट्टी चिकटवली गेली. बटाटेवडे मात्र चांगले झाले होते.

संध्याकाळी दीपेश स्वतः घरी आला. बिचाऱ्याला आता दया येत होती. "भाऊसाहेब, एक उपाय आसा," तो ओसरीवर बसून म्हणाला. "जुनो अर्ज मागे घेवा. माझी शब्दयोजना चुकली, असां लिवून देवा, आणि नवीन अर्जात नुसता 'वाद्य' लिवा. वाद्याक कोणाचीच परवानगी लागणा नाय."

"म्हणजे माझो मसुदो चुकलो, असां मी माझ्या हातान लिवन देव?"

"व्हय."

"चौतीस वर्सां!" भाऊसाहेब उभे राहिले. "चौतीस वर्सांत एक कानो चुकूक नाय माझो!" आणि आत गेले. दीपेश चहा पिऊन घरी गेला. त्यानंतर आठ दिवस भाऊसाहेब वरच्या कचेरीकडे करायच्या अपिलाचा मसुदा करत होते. अकरा पानं झाली. फार उत्तम झाला होता म्हणतात.

नवव्या दिवशी तेजस्वीला आणायला नेहमी जाणाऱ्या इंदूवहिनींचा पाय मुरगळला, म्हणून भाऊसाहेब गेले. जरा लवकरच पोचले. खिडकीतून बघतात तर आत सगळे कागदाच्या माळा करत बसलेले आणि तेजस्वी एकटी त्या लोखंडी कपाटासमोर उभी. तिने डावा हात उचलला. कपाटाकडे बघत थांबली. कपाट गप्प. तिने पुन्हा एकदा हात उचलला. पुन्हा थांबली. मग मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन बसली.

"ह्या काय?" भाऊसाहेबांनी दारात येऊन विचारलं.

"रोज करते, काका," समीक्षा म्हणाली. "पेटी कपाटात गेली त्या दिवसापासून. आधी दहा-दहा वेळा हात उचलायची. आता दोनदाच उचलते. पुढच्या महिन्यात बहुतेक सोडून देईल."

भाऊसाहेबांना लाज वाटली. आयुष्यात त्यांना अपमान पुष्कळदा वाटला होता, राग तर रोज वाटायचा, पण लाज ही नवीन होती. चौतीस वर्षांत किती लोकांना आपण असं कपाटासमोर उभं केलं असेल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. ते तडक पंचायतीत गेले आणि दीपेशकडे कागद मागितला. तीन ओळी लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. घाम पुसत होते, खोडत होते. दोनदा 'सदर' लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी कागद झाला तो असा:

'आमच्या केंद्रात एक वाद्य आहे. माझी मुलगी ते वाजवते. आधीच्या अर्जात मी शब्द चुकीचे घातले, ते मागे घेतो.'

दीपेशने वाचलं, शिक्का मारला, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. भाऊसाहेब जरा वेळ तिथेच उभे राहिले. हरिश्चंद्र मयेकरांच्या मसुद्यात चूक निघाली, यावर कुणीतरी काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटत होतं. कुणी काही म्हणालं नाही. शिपाई तर नखं कापत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी फाडली, पेटी बाहेर आली. भाऊसाहेब भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. तेजस्वी समोर उभी राहिली पण हात उचलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भाऊसाहेबांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. समीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "मी काय करतंय? मी काय करणां नाय!"

मग तेजस्वीचा डावा हात उठला आणि शिट्टी झाली. तिने हाताकडे पाहिलं, हसली, आणि वळून बापाकडे बघितलं. आता भाऊसाहेबांना कोण आवरणार! ते उडी मारून उठले, नळकांड्यापाशी आले आणि त्यांनी आपला हात वर केला, शिट्टी झाली. परत केला, परत झाली. तिसऱ्यांदा करणार, तोच तेजस्वीने त्यांचं मनगट धरलं. त्यांचा हात खाली आणून त्यांच्याच पोटाशी ठेवला, वर आपल्या तळव्याने दाबला, तिथेच राहू दे अशा बेताने. मग त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि सावकाश स्वतःचा हात उचलला.

भाऊसाहेब तसेच उभे राहिले, पोटावर हात ठेवून, दोन वाजेपर्यंत.

घरी आले ते तेजस्वीच्या पुढे धावतच. इंदूवहिनी पाय लांब करून मोरीशी बांगडे साफ करत होत्या. "ऐकलंस गो?" भाऊसाहेब दारातूनच ओरडले. "आज आपल्या चेडवान माका गप ऱ्हवूक सांगल्यान!"

वहिनींनी मान वर केली नाही. "बरां झालां," त्या म्हणाल्या. "माका तां तीस वर्सांत जमूक नाय."

त्यावर भाऊसाहेबांकडे उत्तर होतं. त्यांनी तोंडसुद्धा उघडलं होतं. मग मागे तेजस्वी उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मिटलं.